गूगल सांगतं ते खरं मानावं का?

यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी लिहून दे" असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे "बघतो" म्हणालो. मराठी माणसाचं "बघतो" म्हणजे "नाही" हे काही वेगळं सांगायला नको! पण संपादकही मराठीच. त्यांनी चिकाटी सोडली नाही. शेवटी "कॉम्प्युटरवर लिही, पण माझ्या सासूबाईंना कळेल असं लिही" अशी अट घालून त्यांनी फोन ठेवला. तेव्हा मंडळी, हा लेख त्या सासूबाईंना समोर ठेवून लिहिला आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

कुठल्याही पॉटलकला गेलं की डॉक्टरांना लोक पाठदुखीबद्दल विचारतात आणि आम्हा आयटीवाल्यांना वेबसाईटबद्दल. आपल्यात कुणाचा दातांचा दवाखाना आहे, कुणी घरं विकतं, कुणाचा कथकचा क्लास आहे, तर कुणी डबे पुरवतं. हातात बटाटेवड्याची प्लेट असते आणि प्रश्न ठरलेला असतो. "अरे, गूगलनेच सांगितलंय तसं सगळं केलं, तरी आमची साईट वर येत नाही. ते सांगतात ते खरं असतं का रे?"

बरीच वर्षं मी छातीठोकपणे सांगायचो, "खरं असतं. त्यांनी सांगितलंय तेवढंच करा, बाकी कुणाचं ऐकू नका." आता मी असं सांगत नाही. हा फरक का पडला, त्याची ही गोष्ट. त्यातला अर्धा भाग आपल्या प्लेनोत घडला आणि अर्धा दापोलीजवळच्या माझ्या आजोळी.

आधी प्लेनो. २००२ साली मी एम.एस. करायला शेजारच्या रिचर्डसनला, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास अॅट डॅलसमध्ये आलो. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि आईने दिलेला गोडा मसाला एवढी इस्टेट. डॅलसला कुठली थंडी, या समजुतीत स्वेटरसुद्धा एकच आणला होता. डिसेंबरात डोळे उघडले आणि रूममेटबरोबर जाऊन मी पहिला कोट घेतला तो जे. सी. पेनी या दुकानातून. या पेनीचं मुख्य कार्यालय इथेच, प्लेनोत लेगसी ड्राइव्हवर आहे हे मला पुढे नोकरीला लागल्यावर कळलं. १९०२ साली वायोमिंगमधल्या केमरर नावाच्या छोट्याशा गावात एका दुकानापासून सुरू झालेली ही कंपनी. तिच्या त्या अवाढव्य आवारावरून जाताना मला उगाचच आपलेपणा वाटायचा. माझा पहिला कोट ना तो!

मग फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये डेव्हिड सीगल यांचा एक लेख आला आणि आमच्या ऑफिसात दुसरा विषयच उरला नाही. आदल्या कित्येक महिन्यांत, अगदी ऐन ख्रिसमसच्या खरेदीच्या दिवसांत, गूगलवर "ड्रेसेस" शोधा, "बेडिंग" शोधा नाहीतर "एरिया रग्ज" शोधा, पहिला क्रमांक जे. सी. पेनीचाच. हद्द म्हणजे "सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज" शोधलं तरी खुद्द सॅमसोनाइटच्या वर पेनी! म्हणजे "चितळ्यांची बाकरवडी" विचारावी आणि लोकांनी दुसऱ्याच दुकानाकडे बोट दाखवावं, तसला प्रकार.

हे कसं झालं? सासूबाईंसाठी थोडं सोपं करून सांगतो. आपल्याकडे स्थळाची चौकशी कशी करतात? चार ओळखीच्या माणसांना विचारतात. जेवढी माणसं "घर चांगलं आहे" म्हणतील तेवढं बरं, आणि सांगणारा स्वतः भला असेल तर त्याच्या शब्दाला वजन जास्त. गूगलच्या दोन संस्थापकांनी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी, स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असताना नेमकी हीच युक्ती वेबसाईटना लावली. एका साईटने दुसरीची लिंक दिली की ती शिफारस धरायची. आता पेनीची शिफारस कोण करत होतं? तर ड्रेसशी काडीचाही संबंध नसलेल्या साईट्स! कॅसिनोची साईट, बल्गेरियातल्या घरांची साईट, इंजिनिअरिंगची साईट. "इव्हनिंग ड्रेसेस", "कॅज्युअल ड्रेसेस" अशा शब्दांवर पेनीची लिंक देणारी २,०१५ पानं शोधून काढली गेली. कुणीतरी पैसे मोजून पेरलेल्या या शिफारशी होत्या. विकतच्या लिंक चालणार नाहीत, हे गूगलच्या अधिकृत नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं.

पुढची हकीकत थरारक आहे. टाइम्सने गूगलला विचारणा केल्यावर ९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी गूगलने कारवाई केली. त्या सामानाच्या बॅगांसाठी पहिल्या क्रमांकावर असलेली पेनीची साईट दोन तासांत ७१ वर गेली. "लिव्हिंग रूम फर्निचर"साठी पहिली होती ती ६८ वर. "हे आमच्या परवानगीने झालेलं नाही" असं पेनीने जाहीर केलं आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागार कंपनीला काढून टाकलं. त्या शिक्षेतून बाहेर यायला जवळपास तीन महिने लागले.

मी तेव्हा ऑफिसात सगळ्यांना म्हणालो, "बघा! नियम पाळले नाहीत की असं होतं." आणि हाच धडा घेऊन मी २०१२ साली आजोळी गेलो.

माझा मामेभाऊ दापोलीजवळ राहतो. मामांची हापूसची कलमं आहेत, थोडी नारळी-पोफळी आहे, आणि घराच्या मागच्या पडवीत चार खोल्या काढून त्याने पर्यटकांसाठी घरगुती राहण्याजेवणाची सोय केली होती. उकडीचे मोदक, सोलकढी, फणसाची भाजी, आणि मामींच्या हाताला चव अशी की आलेला पाहुणा पुन्हा येणारच. त्या मुक्कामात मी त्याला वेबसाईट करून दिली. अमेरिकेतल्या दादाची भेट! वर बजावलंही, "सर्च इंजिनवाले जे अधिकृतपणे सांगतात तेवढंच करायचं. शॉर्टकट नको."

पण दोन वर्षांनी कुणीतरी त्याला गाठलं. "पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी!" भावाने पैसे भरले, आणि साईट खरोखरच वर आली. मला फोन करून म्हणाला, "दादा, तू उगाच घाबरवत होतास." पुढच्या मे महिन्यात, ऐन हंगामात, साईट शोधून सापडेना. मी बसून तपासलं तर औषधांच्या, जुगाराच्या, कसल्या कसल्या हजारभर पानांवरून त्याच्या पडवीला शिफारशी! धाकटी जे. सी. पेनीच म्हणा ना. रात्री जागून मी त्या लिंकची यादी केली, त्या नाकारल्याचं कळवलं, चूक कबूल करणारा अर्ज लिहिला. साईट परत दिसू लागायला काही महिने गेले. तो हंगाम मात्र गेला तो गेलाच.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. नियम खरे, नियम मोडणारा आपटला. पण खरी अडचण पुढेच आहे.

२०१८ च्या सुमारास भावाने एक साधा प्रश्न विचारला. "दादा, आंब्याच्या पेट्यांवर आपल्या घराचं नाव छापून घेऊ का? दरवर्षी एवढ्या पेट्या पुण्या-मुंबईला जातात. लोक नाव बघून शोधतील, आपल्याच साईटवर क्लिक करतील. एवढ्या लोकांनी नावाने शोधलं तर सर्च इंजिन आपल्याला वर नेईल ना?"

मी हसलो. क्लिकचा क्रमवारीसाठी थेट उपयोग होत नाही असं गूगलचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आले होते. ते वाचून वाचून मला पाठ झालं होतं. मी म्हणालो, "क्लिकने काही होत नाही रे. ते पैसे चांगल्या फोटोंवर घाल, साईट जलद कर." मोठ्या भावाने, तेही अमेरिकेतल्या, सांगितलेलं! पेट्यांवरचं नाव राहून गेलं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. पोफळी झोपल्या, कलमं उन्मळली, पडवीचं छप्पर गेलं. कोरोनामुळे पाहुणे आधीच बंद. दुसऱ्या वर्षी उरलेल्या कलमांचा जो काही आंबा आला तो विकायला भावाने कुणालाही न विचारता पेट्यांवर लाल अक्षरांत घराचं नाव आणि फोन नंबर छापून घेतला. "एवढी थोडी फळं, निदान कुठून आली ते तरी कळू दे," एवढंच म्हणाला.

इकडे सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात अमेरिकन सरकारने गूगलविरुद्ध भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्याची सुनावणी सुरू झाली. ऑक्टोबरात गूगलच्याच सर्च विभागाचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची साक्ष झाली. नॅव्हबूस्ट नावाची एक यंत्रणा आहे, ती लोकांनी कुठे क्लिक केलं याची गेल्या १३ महिन्यांची नोंद वापरते आणि क्रमवारीतला तो महत्त्वाचा घटक आहे, हे शपथेवर सांगितलं गेलं. त्यानंतर मे २०२४ च्या अखेरीस गूगलची अंतर्गत तांत्रिक कागदपत्रं बाहेर आली. त्यात १४,००० हून अधिक बाबींची नावं होती. क्लिकच्या नोंदी होत्या. "साईट ऑथॉरिटी" नावाची नोंदही होती, आणि संपूर्ण साईटला असा काही दर्जा आम्ही देत नाही असं बाहेर सांगितलं जात होतं. कागदपत्रं खरी आहेत हे गूगलने मान्य केलं, मात्र अर्धवट किंवा जुन्या माहितीवरून निष्कर्ष काढू नका असंही बजावलं. त्यांचं तेही म्हणणं रास्त आहे. कपाटात एखादं भांडं आहे म्हणजे ते रोजच्या स्वयंपाकात वापरतात असं नव्हे.

पण "थेट उपयोग होत नाही" यातल्या "थेट" या शब्दाकडे मी इतकी वर्षं कधी नीट पाहिलंच नव्हतं. मुलाकडच्यांनी "आमचा मुलगा थेट पीत नाही" असं सांगितलं असतं, तर आपल्या सासूबाईंनी लगेच भुवई उंचावली नसती का? मी इंजिनिअर, मला ते जमलं नाही.

यात गूगलला खलनायक ठरवायचा माझा हेतू नाही. आपण सगळे बोर्डाच्या परीक्षेतून गेलेले. बोर्ड अभ्यासक्रम जाहीर करतं, कॉपी करू नका म्हणतं. पण पेपर तपासताना कोणत्या ओळीला किती गुण, हे परीक्षेआधी कुणी सांगतं का? सांगितलं तर मुलं तेवढ्याच ओळी पाठ करतील. आपण नाही का "२१ अपेक्षित" घेऊन बसायचो! गूगलचं तेच आहे. क्लिक मोजतो म्हटलं की उद्या खोटे क्लिक विकणारे पैदा होतील. तेव्हा त्यांनी गप्प राहणं मी समजू शकतो. पण "सांगणार नाही" आणि "तसं काही नसतंच" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शिवाय बोर्डाला तुमच्या निकालातून पैसा मिळत नाही. गूगलचं मुख्य उत्पन्न मात्र जाहिरातींचं. जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन आपोआप जाहिरातदारांकडे झुकेल, ही भीती १९९८ साली खुद्द पेज आणि ब्रिन यांनीच आपल्या शोधनिबंधात लिहून ठेवली होती! आणि इथे बोर्ड बदलायचीही सोय नाही. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की सर्चच्या बाजारात गूगलची बेकायदेशीर मक्तेदारी आहे. एसएससी नको तर सीबीएसई, असं इथे म्हणता येत नाही.

मग करायचं काय? पॉटलकमध्ये विचारणाऱ्यांना मी आता असं सांगतो की अधिकृत सल्ल्याच्या तीन चळती करा.

पहिली चळत "करू नका" या सल्ल्यांची. लिंक विकत घेऊ नका, फसवी पानं करू नका. यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, कारण यामागे शिक्षा आहे. कधी लगेच होत नाही हे खरं. पेनीचं बिंग महिनोन्महिने फुटलं नव्हतं, आणि तेवढे दिवस सरळ मार्गाने चालणारे दुकानदार खाली राहिले, हा अन्यायच. पण पेनीसारखी प्रचंड कंपनी तीन महिन्यांचा फटका सोसू शकते. चार खोल्यांच्या पडवीला एक हंगाम गेला तर पुढचं वर्ष कर्जावर काढावं लागतं. जुगार खेळायची ऐपत आपल्यात कुणाची आहे?

दुसरी चळत "हे करा" या तांत्रिक सूचनांची. याही बहुतेक खऱ्या असतात. फोनवर नीट दिसणाऱ्या साईटना फोनवरच्या शोधात झुकतं माप देऊ असं गूगलने फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितलं आणि २१ एप्रिलला खरोखर तसं केलं. पण या सूचनांवरची तारीख बघून घ्यावी. अनेक पानांत विभागलेला मजकूर एकमेकांशी जोडायची एक खूण गूगलने २०११ मध्ये सुचवली होती. मार्च २०१९ मध्ये कळलं की ती खूण ते गेली काही वर्षं वापरतच नव्हते! तोवर जगभरचे प्रोग्रॅमर्स इमानेइतबारे ती घालत बसले होते. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो, तशी सल्ल्याची तारीखही बघावी.

तिसरी चळत "आमचं यंत्र आतून असं चालतं" किंवा "अमुक आम्ही बघतच नाही" या विधानांची. ती ऐकून घ्यावीत, नम्रपणे मान डोलवावी, पण त्यावर आपला धंदा लावू नये. जमेल तर स्वतः करून पाहावं, वहीत लिहून ठेवावं. आणि तसली विधानं दुसऱ्याच्या गळ्यात आपल्या खात्रीने तर मुळीच घालू नयेत. चूक झाली ती इथे, आणि ती माझी. "त्यांनी असं सांगितलंय" एवढंच माझ्या हातात होतं. मी भावाला सांगितलं, "असं आहे."

आणि या तिन्हींवर एक जुनी कसोटी आहे. सर्च इंजिन नसतंच, तरी मी ही गोष्ट केली असती का? गंमत म्हणजे ही कसोटी गूगलच्याच अधिकृत मार्गदर्शनात होती. हजार जुगारी पानांवर स्वतःचं नाव कुणी टाकलं असतं का? नाही. आंब्याच्या पेटीवर घराचं नाव छापलं असतं का? अर्थात! आपले आजे-पणजे गूगलशिवाय तेच करत आले. त्यांच्याच सल्ल्यातल्या या एका वाक्याकडे मी नीट पाहिलं असतं, तर भावाला २०१८ मध्येच "छाप" म्हणालो असतो.

२०२४ च्या डिसेंबरात आजोळी गेलो तेव्हा हे सगळं त्याला सांगायचं ठरवूनच गेलो होतो. संध्याकाळी पडवीत बसलो होतो. नवं पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात पुढच्या हंगामासाठी रचलेल्या रिकाम्या पेट्या, त्यांवर लाल अक्षरांत घराचं नाव. मी त्याला खटला सांगितला, नॅव्हबूस्ट सांगितलं, आणि म्हणालो, "तुझंच बरोबर होतं. माझ्यामुळे दोन-तीन वर्षं गेली."

साईट आता बऱ्यापैकी वर दिसते. ते पेट्यांमुळेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. मधल्या काळात पर्यटकही परत आले होते. एवढं खरं की आता येणाऱ्या पाहुण्यांतले निम्मेअधिक घराचं नाव घेऊनच फोन करतात, आणि त्यासाठी त्यांना सर्च इंजिनची पहिल्यासारखी गरज उरलेली नाही.

भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, बाबा दारात आलेल्या गिऱ्हाइकाला आंबा दाखवायचे ना, तेव्हा खोटं कधी बोलले नाहीत. पण सगळं सांगायचे असंही नाही. गिऱ्हाइकाने पेटीतला खालचा थर आपल्या हाताने उचलून बघायचा असतो. तू इतकी वर्षं वरचाच थर बघत होतास."

आतून मामींनी हाक मारली. मोदक झाले होते.

परवाच्या पॉटलकमध्ये कथकच्या क्लासवाल्या वहिनींनी तोच प्रश्न विचारला. मी हातातली प्लेट खाली ठेवली आणि उलट विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी किती जणी नुसतं 'कथक' शोधून येतात, आणि किती जणी तुमचं नाव विचारत येतात?" त्या म्हणाल्या, "अय्या, हे कधी मोजलंच नाही."

मी म्हणालो, "तिथून सुरुवात करू या."